बाटलीचे फूल आणि किलोचा भाव

‘प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांपासून घर सजवायच्या वस्तू कशा कराव्यात, यावर एकदा सविस्तर लिहा,’ असे महिला मंडळाच्या भगिनींचे बरेच दिवसांचे मागणे आहे. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा असते, वैशाख पौर्णिमेला कंदील करायचा असतो, आणि विहारात बचत गटाची बैठक बसली की हा विषय निघतोच निघतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. आमच्या हाताला कात्रीपेक्षा खतावणीची सवय जास्त. तेव्हा वस्तू कशी करायची ते सांगूच, पण तिचा जमाखर्चही मांडू. बाटलीच्या बाबतीत हा जमाखर्च सहसा कुणी मांडत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

आधी बाटली म्हणजे काय ते पाहू. पाण्याची आणि थंड पेयाची पारदर्शक बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला ‘पेट’ म्हणतात. बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा कोरलेला असतो, ती त्याची खूण. हे द्रव्य मुळात बाटलीसाठी जन्मलेच नव्हते. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे पेटंट घेतले ते कापडाच्या धाग्यासाठी. आपल्या वडिलांच्या पिढीने लग्नात मिरवलेली टेरिलीनची पँट आठवा, ते कापड आणि ही बाटली एकाच कुळातली. पुढे अमेरिकेत नॅथॅनियल वायथ या अभियंत्याने गॅसचा दाब सहन करील अशी पेटची बाटली तयार केली आणि १९७३ साली तिचे पेटंट मिळवले. त्याआधी थंड पेय काचेच्या बाटलीत मिळे. बाटली दुकानातच पिऊन ठेवायची, नाहीतर अनामत भरायची. गोटीसोड्याची बाटली तर पिऊन झाली की लगेच परत. हे आपल्याला कुणी पर्यावरणाचा धडा म्हणून शिकवले नव्हते. बाटली महाग होती म्हणून ती परत जात होती. पेटची बाटली स्वस्त आणि हलकी आली, आणि परत देण्याची रीत मोडली.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात पाण्याच्या बाटल्या ग्राहकाकडून पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. आमच्या पाहण्यात तरी कोल्हापुरात कुणी दुकानदाराने रिकामी बाटली घेऊन हातावर रुपया ठेवलेला नाही. म्हणजे कायद्याने जे काम दुकानावर आणि कंपनीवर टाकले, ते शेवटी करते कोण? तर पहाटे पाठीवर पोते घेऊन निघणारी बाई.

तिने वेचलेल्या बाटलीचे पुढे काय होते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. भंगाराच्या दुकानात बाटल्यांची रंगावर निवड होते. पांढरी स्वच्छ बाटली वेगळी, हिरवी वेगळी. मग गठ्ठे बांधून त्या कारखान्यात जातात. तिथे त्यांचे बारीक तुकडे करून गरम पाण्यात कॉस्टिक घालून धुतात. बाटलीचे तुकडे पाण्यात बुडतात आणि टोपणाचे तरंगतात, कारण टोपण निराळ्या, हलक्या प्लास्टिकचे असते. त्यामुळे दोन्ही आपोआप वेगळे होतात. आम्हांस ही युक्ती फार आवडली. धुतलेले तुकडे सुमारे अडीचशे अंशांवर वितळवले की त्यांचा पुन्हा धागा ओढता येतो. तो उशीत, गादीत, रजईत भरतात, त्याचे कापडही विणतात. आपले कोल्हापूर फुटबॉलवेडे आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. २०१० च्या विश्वचषकात ब्राझील, पोर्तुगाल, नेदरलँड्स यांच्या खेळाडूंनी जे शर्ट घातले, ते टाकलेल्या बाटल्यांच्या धाग्याचे होते. एका शर्टाला आठपर्यंत बाटल्या लागल्या, असे ते बनवणाऱ्या कंपनीने सांगितले होते. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघाचा झेंडा नाचवणाऱ्या पोरांना हे ऐकून नवल वाटेल.

सांगायचा मुद्दा असा की, स्वच्छ पारदर्शक बाटली ही टाकाऊ वस्तू नव्हेच. तो बाजारात भाव असलेला कच्चा माल आहे. फक्त तो भाव आपल्याला दिसत नाही, कारण तो किलोवर असतो आणि आपण एकेक बाटली फेकतो.

आता आकडे घ्या. एक लिटर पाण्याची रिकामी बाटली साधारण वीस ते पंचवीस ग्रॅम भरते. म्हणजे किलोला चाळीस-पन्नास बाटल्या. भंगाराचा भाव सारखा हलतो, पण हिशेबापुरता किलोला २५ रुपये धरा. एका बाटलीचे पन्नास-साठ पैसे झाले. कुणी म्हणेल, पन्नास पैशांसाठी एवढा खल कशाला? शाळेच्या एका वर्गात ६० मुले आहेत आणि प्रत्येकाने स्पर्धेसाठी ३ बाटल्या वापरल्या असे समजा. १८० बाटल्या, म्हणजे ४ किलो माल, म्हणजे १०० रुपये. हे शंभर रुपये ज्या घरात संध्याकाळच्या पिठामिठाचे असतात, ते घर आपल्या ओळखीचे आहे.

आणि मुलांनी केलेल्या त्या वस्तूंचे पुढे काय होते? बाटलीला चंदेरी रंग फासलेला असतो, टिकल्या आणि कापूस डिंकाने चिकटवलेला असतो, आत वाळू भरलेली असते. बक्षीस समारंभ झाला की चार दिवस त्या शाळेच्या कपाटावर, मग कचऱ्याच्या गाडीत. रंग आणि डिंक बसलेली बाटली कारखान्याच्या कामाची राहत नाही. आमच्या वस्तीकडे वेचायला येणाऱ्या एका आक्कांना आम्ही मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, ‘दादा, ही रंगवल्याली नगं मला. दुकानदार बाजूला काढतोय आन् वजनातनं वजा करतोय.’ म्हणजे ज्या बाटलीचा धागा झाला असता तिला आपण हौसेने खरा कचरा केले, आणि त्याला नाव दिले ‘टाकाऊतून टिकाऊ’! याहून मोठी गंमत म्हणजे, स्पर्धा जवळ आली की काही पालक थंड पेयाच्या भरलेल्या बाटल्या विकत आणतात, घरातली मंडळी दोन दिवस तेच पितात आणि बाटल्या रिकाम्या करतात. टिकाऊ काय झाले ते शाळेलाच ठाऊक.

हे वाचून काही भगिनींना राग येईल. येऊ द्या. पण त्याहून महत्त्वाचा राग एका वडीलधाऱ्या काकूंनी बैठकीत बोलून दाखवला, त्याचे उत्तर द्यायला हवे. त्या म्हणाल्या, ‘आपल्या वाडवडिलांनी लोकांची घाण उचलायचं सोडलं. आणि तुम्ही आम्हाला बाटल्या गोळा करायला सांगताय होय?’

काकूंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडायला निक्षून सांगितले. दुसऱ्याने टाकलेले उचलणे हा आपल्यावर लादलेला धर्म होता, आणि तो झुगारून आपण माणसात आलो. ‘टाकाऊ’ हा शब्द इतरांना कौतुकाचा वाटत असेल, आपल्या घरात तो जरा टोचतो. पण दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. स्वतःच्या घरातली बाटली धुऊन वेगळी ठेवणे म्हणजे दुसऱ्याची घाण उचलणे नव्हे. उलट आपली घाण दुसऱ्याने उचलावी, हीच तर त्या जुन्या व्यवस्थेची मागणी होती. आपण उष्ट्या भाताबरोबर बाटली कोंबून पिशवीला गाठ मारतो, तेव्हा ती गाठ सोडायला कुणाचे हात येतात, हे काकूंना आम्ही काय सांगावे?

ते हात कुणाचे, हे पुण्याच्या कामामुळे सर्वांसमोर आले. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही बहुसंख्य दलित समाजातल्या. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखीची होती. ‘आम्ही चोर नाही, आम्ही काम करतो’ हे दाखवणारे ओळखपत्र त्यांना हवे होते, आणि पुणे महापालिकेने ते मान्य केले. पुढे २००८ मध्ये याच स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. उकिरड्यात वाकून वेचणे आणि दारात उभे राहून हातात घेणे, यांतला फरक कळायला फार शिक्षण लागत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’ संस्थेने कचरावेचक भगिनींमध्ये काम केले आहे. कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे दुरून पाहिला. त्यावर चढून पोट भरणाऱ्यांना जवळून पाहिले ते थोड्यांनी.

येथे आपल्याच समाजाला दोन शब्द सुनावणे आम्हांस भाग आहे. १४ एप्रिलची मिरवणूक बिंदू चौकातून पुढे सरकली की मागे काय उरते? पाण्याच्या बाटल्या, ग्लास, पत्रावळ्या. पाणीवाटप करणारी मंडळे पुण्याचे काम करतात यात शंका नाही, पण सोबत चार रिकामी पोती बांबूला बांधून ठेवायला किती खर्च येतो? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ, करवीरच्या गावांत बाटलीबंद पाण्याचे खोके मदत म्हणून आले. त्या वेळी त्यांची गरज होतीच. पाणी ओसरल्यावर त्या बाटल्या चिखलात आणि ओढ्यात राहिल्या आणि पुढच्या पावसात पुन्हा पंचगंगेत गेल्या. मिरवणुकीचे मात्र महिनाभर आधी ठरलेले असते. तेथे पोती बांधायला महापुराची सबब चालणार नाही.

आता रोजगाराचा प्रश्न. वस्त्यांमध्ये अधूनमधून प्रशिक्षण वर्ग भरतात. तीन दिवसांत बाटलीची फुलदाणी, बाटलीचे झुंबर, बाटलीचा मोर शिकवतात, शेवटी प्रमाणपत्र वाटतात आणि ‘आता या भगिनी आपल्या पायावर उभ्या राहतील’ असे भाषण होते. असा एक वर्ग आम्ही शेवटच्या बाकावर बसून पाहिला. वर्ग कुणाचा ते येथे महत्त्वाचे नाही. घरी येऊन आम्ही एका फुलदाणीचा हिशेब वहीत मांडला. बाटली फुकट. रंग १५ रुपये, मणी आणि लेस १० रुपये, डिंक ८ रुपये, एकूण ३३. वेळ अडीच तास. बचत गटाच्या जत्रेत ती विकली गेली ६० रुपयांना, तीही भाव करून. हातात उरले २७ रुपये. अडीच तासांनी भागा, तासाला अकरा रुपयेही पडत नाहीत. आठ तास मान मोडून काम केले तर दिवसाचे ८६ रुपये, आणि तेही सगळ्या फुलदाण्या विकल्या गेल्या तर. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे! शिवाय जत्रेतले गिऱ्हाईक एकदा कौतुकाने घेते. दुसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक दुसरी फुलदाणी कशाला घेईल?

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. बाटलीची कला ही घरची हौस आहे, तिने हात वळतात, मुले रमतात, पौर्णिमेला दारात शोभा येते. ती करावी. पण तिला रोजगार म्हणू नये, आणि वस्तीतल्या बाईचे तीन दिवस त्या नावाखाली घेऊ नयेत. त्याच तीन दिवसांत शिलाई मशीनवर कापडी पिशवी शिकवली तर निदान रोज लागणारी वस्तू तरी हातून निघेल. पिशवीचाही असाच हिशेब आधी मांडावा, हे सांगायला नकोच.

हौस करायची तर कशी, ते आता सांगतो. आमच्या घरच्या मंडळींनी आणि मुलीने यात बरेच प्रयोग केले, त्यांतून तीन गोष्टी ठरल्या. रंग लावायचा नाही. डिंक लावायचा नाही. आणि रोज वापरात येईल तेच करायचे. पहिल्या दोन गोष्टींना व्यवहाराचेही कारण आहे. या प्लास्टिकला पांढरा डिंक नीट धरत नाही, आठ दिवसांत पापुद्रा सुटतो. पोस्टरचे रंग तर बोटाला येतात. म्हणून चिकटवण्याऐवजी शिवावे, आणि रंगवण्याऐवजी आत रंगीत कागद घालावा. पतंगाचा पातळ कागद बाटलीत गुंडाळून सरकवला की बाहेरून रंग चकचकीत दिसतो, पावसात भिजत नाही, आणि कंटाळा आला की काढून दुसरा घालता येतो. बाटली शेवटपर्यंत कोरी राहते. हौस फिटली की दोरा कापा, कागद काढा, बाटली आक्कांच्या पोत्यात. तिचा भाव जशाचा तसा.

टोपली किंवा पेन ठेवायचे भांडे करायचे तर दोन लिटरची बाटली मधोमध कापा. कापलेली कड धारदार असते, मुलांच्या बोटाला लागते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. इस्त्री मध्यम गरम करून तिच्यावर जुना सुती फडका धरा आणि बाटलीची कड त्यावर क्षणभर टेकवून फिरवा. कड आत वळते आणि गुळगुळीत होते. हे प्लास्टिक सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ पडते, त्यामुळे फार वेळ धरायचे नाही, नाहीतर भांड्याचा पापड होतो. मग कडेखाली बोटभर अंतर सोडून दाभणाने भोके पाडा. चामड्याचे काम करणाऱ्यांच्या घरात आरी असते, तिने तर भोक सुरेख पडते. त्या भोकांतून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या किंवा सुतळी ओवत खालपर्यंत विणत या. बाटली झाकली जाते आणि हातात कापडी टोपली दिसते. लुगडे आजीचे असेल तर टोपली कुणी फेकत नाही, हा आमचा अनुभव.

कंदिलाला थंड पेयाच्या बाटलीचे बूड वापरा. ते पाहिलेत का कधी नीट? पाच पाकळ्यांचे फूल असते ते. कारखान्याने शोभेसाठी केलेले नाही. आतल्या गॅसच्या दाबाने सपाट बूड बाहेर फुगेल आणि बाटली उभी राहणार नाही, म्हणून तसे पाच पाय काढलेले असतात. साध्या पाण्याच्या बाटलीत गॅस नसतो, म्हणून तिचे बूड निराळे. अशी बारा बुडे दोन बोटे उंचीची कापून, कडा इस्त्रीवर फिरवून, एकमेकांना पांढऱ्या दोऱ्याने शिवली की कमळांचा गोल कंदील तयार होतो. बारा बाटल्या म्हणजे चार-सहा रुपयांचा माल गुंतला. कंदील उतरवून जपून ठेवला तर पाच वर्षे चालतो, आणि आमचा हिशेब इतपत चैनीला मंजुरी देतो. आत फक्त विजेची बारीक एलईडी माळ सोडायची. पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको. हे प्लास्टिक मऊ होऊन गळते आणि पेटतेही. बाटल्यांची उरलेली वरची अंगे टोपणासकट वेगळी ठेवा, तीही वजनात जातात.

मनी प्लँटची बाटली खिडकीत सगळीकडे दिसते. छान दिसते, पण तिचे पाणी आठवड्याला बदलायलाच हवे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. पाणी ओतताना बाटली आतून घासूनही घ्यावी, अंडी काठाला चिकटून राहतात. भिंतीवर उन्हात टांगलेल्या बाटल्यांची बाग हल्ली पुष्कळ ठिकाणी करतात. आम्हांस ती पसंत नाही. उन्हाने बाटली कडक होऊन तडकते आणि तिचा चुरा मातीत मिसळतो. तो परत कुणालाही वेचता येत नाही.

आणखी एक गोष्ट, कलेशी तिचा संबंध नाही पण बाटलीशी आहे. फिनेल, ॲसिड, रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून मोरीत ठेवायची सवय आपल्या घरांतून जायला हवी. लहान मूल आकार ओळखते, चिठ्ठी वाचत नाही.

वस्तू नित्याच्या वापरात यावी असे वर म्हटले, त्याचा सर्वांत चांगला नमुना आम्हांस दूर ब्राझीलमध्ये दिसला. अल्फ्रेडो मोझर नावाचा एक मेकॅनिक उबेराबा गावी राहतो. २००२ च्या सुमारास तिकडे वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा त्याने दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरले, शेवाळ धरू नये म्हणून दोन टोपणे ब्लीच घातले आणि छपराला भोक पाडून ती त्यात बसवली. सूर्याचा उजेड बाटलीतल्या पाण्यातून वळून खोलीभर पसरला. उन्हाच्या तेजाप्रमाणे ४० ते ६० वॅटच्या दिव्याएवढा उजेड पडतो, आणि बिल शून्य. २०११ पासून फिलिपिन्समध्ये इलाक डियाझ यांच्या संस्थेने हीच बाटली हजारो झोपड्यांत बसवली, आणि मग ती अनेक देशांत गेली. मोझरने त्यावर पैसा केला नाही.

सिद्धार्थनगर, सदर बाजार, विचारे माळ, राजेंद्रनगर, कुठेही पत्र्याच्या घरात दुपारी बारा वाजता जाऊन पाहा. बाहेर ऊन आणि आत अंधार. दाराच्या उंबऱ्यात वही घेऊन अभ्यास करणारे पोर दिसेल, कारण उजेड तेवढाच. मागे घर, पुढे घर, खिडकीला जागा नाही. या घराला बाटलीचा मोर काय कामाचा? पण छपरातली एक बाटली कामाची आहे. ही बाटली परत भंगारात जाणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याचे आम्हांस काही वाटत नाही. पन्नास पैशांत दिवसभराचा उजेड, याहून चांगला व्यवहार आमच्या खतावणीत नाही.

करायची रीत अशी. गॅसच्या पेयाची जाड बाटली घ्यावी, पाण्याची पातळ बाटली टिकत नाही. वीतभर चौकोनी पत्र्याच्या तुकड्याला बाटलीच्या घेराचे भोक पाडून त्यात बाटली घट्ट बसवायची, साधारण एक तृतीयांश वर, दोन तृतीयांश खाली. पाणी गाळलेले, टोपण घट्ट, आणि टोपणावर उन्हापासून बचावाला काळी चिकटपट्टी गुंडाळायची. मग छपराला तेवढेच भोक पाडून हा तुकडा वरून रिव्हेट करायचा आणि सगळ्या सांध्यांवर सिलिकॉनचा लेप द्यायचा. लेपाची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि खर्च काय तो तिचाच. एका नळीत शेजारपाजारची चार-पाच घरे होतात, तेव्हा मिळून आणावी. सिमेंटच्या पत्र्याला हे करू नये, तो तडकतो आणि त्याची धूळही छातीला वाईट. भोक पाडायला पत्र्याचे काम जाणणारा माणूस हवा, आणि छपरावर चढायचे ते फळी टाकून. लेप वाळायला एक दिवस कोरडा लागतो. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की तो दिवस मिळत नाही, म्हणून हे काम मे महिन्यात उरकावे. वळवाच्या पहिल्या सरीत कुठे ठिबकते ते दिसते, आणि मृगाच्या आत पुन्हा लेप देता येतो.